आर्मवरचं चाराण्याचं नाणं : जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा पिकअप नीट कसा लावावा

माळ्यावरून काढलेला रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडे दुरुस्तीला आला की मी झाकण उघडून आधी आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, टोकाकडे पाहतो. बहुतेक वेळा तिथे चिकटपट्टीनं लावलेलं चाराण्याचं नाणं असतं. कुणाच्या तरी वडलांनी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी लावलेलं. सुई एकाच ओळीवर अडकत होती किंवा उडी मारत होती. नाणं ठेवल्यावर गाणं पुढे सरकलं आणि नाणं तिथेच राहिलं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या लाऊडस्पीकरवाल्यांच्या घरात वाढलो. लग्न, तेरवी, सप्ताह, सगळीकडे आमचा भोंगा जायचा. आमच्याही प्लेअरवर नाणं होतं, आणि बाबांनंतर मीही ते तसंच ठेवलं. आज त्यातल्या सगळ्यात जास्त वाजलेल्या भजनांच्या तबकड्या लावल्या, तर प्रत्येक बाजूच्या शेवटच्या भजनात टाळ नुसते खरखरतात. खाचेतला बारीक आवाज आम्ही स्वतः खरवडून टाकला आणि तो परत भरून येत नाही. नाण्याशिवाय सुई नीट कशी चालवायची, ते पुढे क्रमानं लिहितो. एक प्लेअर नीट लावायला पहिल्यांदा एक दुपार लागते.

टोक हलावं, बाकी स्थिर राहावं

रेकॉर्डवरची खाच तिफणीनं ओढलेल्या तासासारखी असते, खाली निमुळती आणि दोन्ही बाजूंना उतरत्या भिंती. दोन भिंतींमधला कोन ९० अंशांचा. स्टायलसचं, म्हणजे सुईचं, टोक गोलसर असतं. ते दोन्ही भिंतींना टेकून चालतं, तळाला टेकत नाही. मोनो रेकॉर्डमध्ये ही खाच फक्त डावी-उजवीकडे नागमोडी जाते. स्टीरिओमध्ये मधल्या खुंट्याकडच्या भिंतीवर डावा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा आवाज कोरलेला असतो, त्यामुळे टोकाला वर-खालीही हलावं लागतं. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरनं ही कल्पना १९३१च्या पेटंटमध्ये मांडली. तशा रेकॉर्ड बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास. जुन्या मोनो पिकअपला वर-खाली लवच नसते. त्यावर स्टीरिओ रेकॉर्ड लावली तर ती खराब होते. गाणं ऐकू येतं म्हणून अनेकांच्या हे लक्षात येत नाही.

आता मापं पाहा. एलपीच्या (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या) साध्या गोल टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग. कापसाचा एक तंतू १२ ते २० मायक्रॉन जाड. म्हणजे वेचणीच्या दिवसांत आपल्या घरात उडणाऱ्या रुईची जाडी आणि या टोकाची त्रिज्या, दोन्ही साधारण एकाच मापाच्या. मध्यम आवाजातल्या हजार हर्ट्झच्या (सेकंदाला हजार लाटांच्या) सुराला हे टोक मधल्या जागेपासून फक्त ८ मायक्रॉन इकडे आणि ८ मायक्रॉन तिकडे हलतं. एवढ्याशा हालचालीतून पूर्ण गाणं निघतं.

टोक एका बारीक काडीला जोडलेलं असतं आणि ती काडी मागे एका छोट्या डबीत रबरात बसवलेली असते. या डबीला कार्ट्रिज किंवा पिकअप म्हणतात. सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये काडीचा ताण एका पट्टीवर येतो आणि त्या पट्टीतून व्होल्टेज निघतं. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये काडीच्या मागच्या टोकाला चिमुकलं चुंबक असतं. ते हलतं तेव्हा डबीतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज उमटते. पद्धत कोणतीही असो, कार्ट्रिजला फक्त काडी आणि डबी यांच्यातली हालचाल कळते. डबी स्वतःच थरथरत असेल तर तिची थरथरही गाणं म्हणूनच ॲम्प्लिफायरकडे जाते. काडी लचकण्याऐवजी डबीच तिच्याबरोबर फरफटली, तर गाणं निघतच नाही.

म्हणजे आर्मनं दोन उलट कामं करायची. गाण्याच्या जलद थरथरीसमोर डबी पक्की धरायची. पण खाच हळूहळू आत सरकते तिच्यामागे जायचं, आणि वाकलेली रेकॉर्ड दर फेरीला डबी वर-खाली उचलते तेव्हा तिच्याबरोबर सहज डोलायचं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला हे डोलणं सेकंदाला अर्ध्या वेळेपेक्षा थोडं जास्त असतं. ऐकू येणारा आवाज २० हर्ट्झपासून सुरू होतो. आर्मचं वजन आणि काडीच्या रबराची लव मिळून एक झोका तयार होतो. त्याचा स्वतःचा वेग या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे ८ ते १२ हर्ट्झला पडायला हवा.

हिशेब सोपा आहे. आर्मचं परिणामी वजन (आर्म हलवताना सुईला तो जेवढा जड भासतो ते) आणि कार्ट्रिजचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या कागदावर छापलेल्या लवचिकतेच्या आकड्यानं गुणा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ला त्यानं भागा. आर्म १० ग्रॅम, कार्ट्रिज ६ ग्रॅम आणि लवचिकता १५ असेल, तर सोळा पंधरे दोनशे चाळीस, वर्गमूळ साडेपंधरा, उत्तर सुमारे १०.३ हर्ट्झ. छान जमलं. जपानी कार्ट्रिजच्या कागदावरचा आकडा पुष्कळदा १०० हर्ट्झला मोजलेला असतो. तो दीडपट ते दुप्पट करून मगच हिशेबात घ्या.

नाणं इथेच दुहेरी नुकसान करतं. सुईवरचा भार तर ते वाढवतंच, शिवाय आर्मच्या अगदी टोकाला बसल्यामुळे आर्मचं परिणामी वजनही जवळजवळ तेवढंच वाढवतं. झोका मंद होऊन वाकलेल्या रेकॉर्डच्या डोलण्याकडे सरकतो. मऊ रबराच्या कार्ट्रिजवर उडी बंद व्हायच्या ऐवजी वाढू शकते.

आधी जागा आणि गती

प्लेअर लोखंडी रॅकवर किंवा हलत्या टीपॉयवर ठेवू नका. जुन्या घरातला भिंतीतला कोनाडा किंवा भिंतीत पक्की बसवलेली कडाप्प्याची फळी उत्तम. कूलर असलेल्या खिडकीला लागून ठेवू नका. त्याच्या मोटरची घरघर भिंतीतून थेट सुईपर्यंत जाते. पाणसळ गवंड्याकडून मागून घ्या आणि ती थाळीवर ठेवून दोन्ही दिशांनी सपाटी पाहा. पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून सपाटी साधली तरी चालतं.

मग गती. रेकॉर्डच्या लेबलाच्या कडेला कागदाची चिंधी लावा, सुई खाचेत ठेवा आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजा. तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या व्हायला हव्यात. सुई ठेवूनच मोजायचं, कारण तिच्या घर्षणानंही थाळी थोडी मंदावते. ९७ फेऱ्या भरल्या तर पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर असतं, त्याच्या निम्म्यानं गाणं उतरलेलं आहे. कान तयार असलेल्या भजनी माणसाला हे लगेच कळतं.

खेड्यात याचं एक वेगळं कारण असतं. जुन्या प्लेअरमधली मोटर विजेच्या ५० हर्ट्झवर चालते, पण व्होल्टेज पडलं की तिची ओढ कमी होते आणि ती मागे पडते. रात्री शेतातले मोटारपंप सुरू झाले आणि डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार आला, की दिवसा बरोबर चालणारी थाळी मंदावते. म्हणून गती एकदा दुपारी आणि एकदा रात्री मोजा. फक्त रात्रीच गडबड असेल तर प्लेअर उघडू नका, छोटा स्टॅबिलायझर लावा. दोन्ही वेळा मंद असेल तर रबरी चाक किंवा पट्टा निसटतो आहे. चाकाची कड बारीक पॉलिश पेपरनं हलकीच घासा. मोटरच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. ते तेल रबराला लागू देऊ नका.

उघडण्याआधी प्लग काढा. काही जुन्या व्हॉल्व्हच्या प्लेअरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो आणि त्यांच्या पत्र्याच्या सांगाड्यात थेट लाइटीचा करंट असू शकतो. असा प्लेअर दुसऱ्या कुठल्याही ॲम्प्लिफायरला जोडायचा नाही. जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय तो चालूही करायचा नाही.

सुई पाहणे

टोक झिजलं आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. घड्याळजीच्या भिंगातून काडी वाकडी आहे का, टोक जागेवर आहे का, रुईचा गोळा बसला आहे का, एवढंच दिसतं. झीज पाहायला शंभरपट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो. तो बऱ्याच हायस्कुलांच्या प्रयोगशाळेत असतो, आणि विज्ञानाचे गुरुजी आनंदानं दाखवतात. नवं टोक गोल दिसतं. झिजलेल्या टोकाच्या दोन बाजूंना सपाट, चमकणारे पैलू पडलेले असतात. त्या पैलूंच्या कडा पटाशीसारख्या खाच कापतात. असं टोक एकदासुद्धा आवडत्या रेकॉर्डवर ठेवू नका.

हिऱ्याचं टोक ५०० ते १००० तास चालतं, नीलमाचं काही डझन तासच. मी एकदा हिऱ्याची म्हणून मागवलेली सुई नीलमाची निघाली. महिन्या-दोन महिन्यांतच आवाज फाटायला लागला, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि खरं कळलं. नव्या सुईचे पहिल्या दिवशीच फोटो काढून ठेवले तर पुढे तुलना करता येते.

सुई साफ करताना मऊ ब्रश नेहमी मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड ज्या दिशेनं सुईखालून सरकते त्याच दिशेनं फिरवा. आडवा फिरवला की काडी मोडते. फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. सीतादहीपासून (कापूस वेचणीच्या सुरुवातीच्या पूजेपासून) माघापर्यंत ज्या घरात कापूस साठवलेला असतो, तिथे मी दर बाजूनंतर ब्रश फिरवायला सांगतो. रुईचा गोळा टोकाला खाचेतून अलगद उचलतो, आवाज घुसमटतो, आणि घरच्यांना वाटतं की वजन कमी पडलं. नाणं लागतं ते पुष्कळदा अशा वेळी.

जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजबद्दल स्पष्ट सांगतो. त्यातली पट्टी रोशेल सॉल्टची असते. ती दमट हवेत विरघळते आणि साधारण ५५ अंशांच्या उष्णतेत मरते. आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालच्या माळ्यावर केवढी उष्णता होते, ते वेगळं सांगायला नको. ती कार्ट्रिज जिवंत करण्याच्या भानगडीत पडू नका. तेवढ्याच मापाची सिरॅमिक कार्ट्रिज घ्या. ती नागपूरला सीताबर्डीवर शोधून किंवा ऑनलाइन मिळू शकते.

आर्म मोकळा हवा, ढिला नको

मागचं वजन फिरवून आर्म तराजूच्या दांडीसारखा हवेत तरंगेल असा करा. सुईचं आवरण लावूनच. आता आर्मवर हलकी फुंकर घाला. तो सावकाश सरकून मऊपणे थांबला पाहिजे. एका ठिकाणी अडकत असेल तर सांध्यात जुनं वाळलेलं ग्रीस आहे, किंवा आतल्या बारीक तारा ताठ होऊन ओढ देत आहेत. माझ्या अनुभवात तारांचा दोष जास्त निघतो. सुईला अडवणारा जोर फार थोडा असतो, पण तो सतत एकाच बाजूनं असतो, आणि त्यामुळेच ती दर वेळी त्याच ओळीवर अडकते.

मग आर्मचं टोक दोन बोटांत धरून अगदी हलकं मागे-पुढे करा. 'टिक' असा खेळ जाणवला तर सांधा ढिला आहे. तो घट्ट करताना स्क्रू एकदम फिरवू नका. अष्टमांश फेरी द्या आणि पुन्हा तरंगवून पाहा. मोकळेपणा आणि पक्केपणा दोन्ही एकदम मिळेल अशी जागा सापडेपर्यंत धीर धरावा लागतो. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो जायलाच हवा. हा सांधा बिघडलेला असेल तर पुढची सगळी मापं फुकट आहेत.

ज्या जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये मागे वजन नसून स्प्रिंग असते, तिथे तरंगवणं जमत नाही. स्प्रिंगचा हुक एक-दोन खाचा पुढे-मागे करून भार बदलता येतो, तेवढंच.

कार्ट्रिज बसवणे

कार्ट्रिजच्या दोन स्क्रूंमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. तारांचे रंग ठरलेले आहेत : पांढरी डाव्या आवाजाची, निळी तिची जमीन (ग्राउंड), लाल उजव्याची, हिरवी तिची जमीन. तारेची टोपी बसवताना चिमट्यानं टोपीला धरा, तारेला नाही. कार्ट्रिजच्या पिनांना सोल्डरचा डाग देऊ नका. त्या उष्णतेनं आतलं वेटोळं तुटतं.

आता कोन. रेकॉर्ड कोरणारं यंत्र सरळ रेषेत आत जातं, पण आपला आर्म एका खिळीभोवती फिरतो, म्हणजे चाप काढतो. त्यामुळे डबी प्रत्येक ठिकाणी खाचेला अगदी समांतर राहू शकत नाही. हा फरक कमीत कमी व्हावा म्हणून आर्मच्या टोकाला २२-२४ अंशांचा वाक दिलेला असतो, आणि सुई मधल्या खुंट्याच्या १५ ते १८ मि.मी. पुढे जाईल अशी ठेवतात. एवढं केलं की चाप दोन ठिकाणी बरोबर जुळतो. नेहमीच्या ३० सें.मी. एलपीसाठी ती ठिकाणं मध्यापासून ६६ मि.मी. आणि १२१ मि.मी.वर घेतात.

त्याचा साचा घरीच करा. जाड कागदाच्या मध्यभागी ७.२ मि.मी.चं भोक पाडा, खुंट्यावर घट्ट बसेल असं. भोकाच्या मध्यापासून एक सरळ रेष काढा आणि तिच्यावर ६६ आणि १२१ला टोकदार पेन्सिलीनं ठिपके द्या. प्रत्येक ठिपक्यातून त्या रेषेला काटकोनात चार-पाच आडव्या रेषा काढा, एकमेकींपासून पाच मि.मी. अंतरावर. छापील साचा वापरत असाल तर आधी पट्टीनं मोजून पाहा. प्रिंटर पुष्कळदा कागदावर मावावं म्हणून चित्र लहान करतो.

साचा थाळीवर ठेवा, थाळी फिरवून सुई पहिल्या ठिपक्यावर अलगद टेकवा आणि समोरून पाहा. डबीच्या कडा आडव्या रेषांना समांतर हव्यात. काडी दिसत असेल तर काडीच पाहा, कारण डबी सरळ असून काडी वाकडी असू शकते. मग दुसरा ठिपका. एकीकडे जुळलं आणि दुसरीकडे नाही, तर कार्ट्रिज खोबणीत अर्धा मि.मी. पुढे-मागे सरकवा आणि पुन्हा पहिल्यापासून पाहा. चार-पाच खेपा लागतात. जुळलं की स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळा, नाहीतर शेवटच्या फेरीला डबी फिरते.

एवढी खटपट कशासाठी, ते आकड्यांवरून कळेल. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे ५१ सें.मी. वेगानं सुईखालून जाते. शेवटच्या गाण्याला हाच वेग २१ सें.मी.वर येतो. तिथे १०,००० हर्ट्झची एक पूर्ण लाट फक्त २१ मायक्रॉन लांबीची उरते, आणि आपल्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉन. टाळ, चिपळ्या, पेटीची धार, 'स' आणि 'श', हे सगळं एवढ्या जागेत कोरलेलं असतं. कोन थोडा चुकला, भार थोडा जास्त झाला, की आधी शेवटचं गाणं जातं. आमचे टाळ असेच गेले.

डबी समोरून पाहताना उभी सरळ हवी. थाळीवर छोटा आरसा ठेवा आणि सुई त्यावर अलगद टेकवा. डबी आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसलं की झालं. आर्मची उंची बाजूनं पाहा. वाजताना आर्म रेकॉर्डला समांतर असला की पुरे. काही लोक यावर तासन्‌तास घालवतात, पण साध्या गोल टोकाला तेवढ्यानं फरक ऐकू येत नाही.

भार

मूव्हिंग मॅग्नेटला बहुतेक वेळा दीड ते दोन ग्रॅम, सिरॅमिकला चार ते सहा ग्रॅम. कार्ट्रिजच्या कागदावर किमान आणि कमाल आकडा दिलेला असतो. मी त्यातल्या वरच्या निम्म्यात ठेवतो. तिफण हाकताना जसं, तसंच इथेही. दांडीवर भार कमी पडला तर फण मातीवरून उडत जातो आणि बी वर पडतं. खाच सोडून उडणारं टोक परत पडताना भिंतीला टोचा मारतं. म्हणून फार हलकी सुईही रेकॉर्ड खराब करते, आणि हे पुष्कळांना पटत नाही.

मागच्या वजनावर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका. सोनाराचा शतांश ग्रॅमचा काटा सगळ्यात चांगला. आमच्या गावातले सोनारकाका अजून गुंजेच्या हिशेबात बोलतात. मी त्यांना 'काका, दोन मासे भार पाहिजे' म्हटलं की त्यांना लगेच अंदाज येतो, कारण एक मासा म्हणजे जवळजवळ एक ग्रॅमच. काट्याची थाळी पोलादी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिच्याकडे ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. मध्ये प्लॅस्टिकची छोटी डबी ठेवून काटा शून्यावर आणा. सुई टेकते ती जागा रेकॉर्डच्या पृष्ठभागाइतक्याच उंचीवर असू द्या.

काटा मिळाला नाही तर ते काढून टाकलेलं नाणं घ्या. १९९०पर्यंतचं तांबं-निकेलचं चाराण्याचं नाणं अडीच ग्रॅमचं होतं आणि चुंबकाला चिकटत नाही. पुढचं गेंड्याचं चित्र असलेलं पोलादी नाणं थोडं जड आहे. शक्य असेल तर एकदा सोनाराकडे तोलून घ्या. थाळीवरची रबरी चटई काढून, खुंट्याला न लागेल अशी पेन्सिल आडवी ठेवा आणि तिच्यावर ३० सें.मी.ची प्लॅस्टिकची पट्टी मध्यावर तोलून धरा. एका बाजूला मध्यापासून ८ सें.मी.वर नाणं, दुसऱ्या बाजूला १० सें.मी.वर सुई. थाळी हलू देऊ नका. अडीच गुणिले आठ वीस, दोन गुणिले दहा वीस. पट्टी समतोल राहिली तर सुईवर बरोबर दोन ग्रॅम आहेत. सुईची बाजू खाली गेली तर भार जास्त. मागचं वजन फिरवून जुळवा.

आत जाणारी ओढ

रेकॉर्ड सुईला खाचेच्या दिशेनं ओढते, पण आर्मला वाक असल्यामुळे ती ओढ आर्मच्या खिळीतून सरळ जात नाही. जू तिरपं बांधलं की बैल सरळ चालला तरी बंडी कडेला जाते, तसा आर्म मध्याकडे खेचला जातो. ही ओढ सुईच्या भाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी असते. ती सुईला आतल्या भिंतीवर दाबते आणि बाहेरची भिंत सैल पडते, म्हणजे उजवा आवाज आधी फाटतो.

ज्या प्लेअरला यासाठी वेगळा खटका किंवा दोऱ्याचं वजन असतं, तिथे सुरुवातीला भाराइतकाच आकडा लावा. मग एखाद्या बाजूचं शेवटचं, जोरात गायलेलं गाणं ऐका. उजवीकडे आधी फाटत असेल तर आकडा वाढवा, डावीकडे आधी फाटत असेल तर कमी करा. जुन्या सिरॅमिक प्लेअरना हा खटका नसतो. त्यांचा भारच एवढा असतो की ही ओढ त्यात निभावून जाते.

आवाज पातळ येतो तेव्हा

सिरॅमिक कार्ट्रिज नव्या ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स' लिहिलेल्या सॉकेटला जोडली आणि आवाज टिनाच्या डब्यासारखा आला, तर कार्ट्रिज खराब समजून फेकू नका. अशी कार्ट्रिज विजेच्या दृष्टीनं एक छोटा कंडेन्सर असते, समजा ८०० पिकोफॅरडचा. समोर ४७ किलोओहमचा भार असेल तर सुमारे ४,२०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, म्हणजे ढोलकी जाते आणि झांज उरते. तोच भार दोन मेगाओहम केला तर उतार १०० हर्ट्झपाशी सुरू होतो आणि गाणं भरून येतं. टीएल०७२ या स्वस्त आयसीचा बफर करून त्याच्या तोंडाशी २.२ मेगाओहमचा रेझिस्टर लावा. रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही तासाभरात करून देईल.

मूव्हिंग मॅग्नेटचं गणित उलटं. तिथून फक्त ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात आणि ४७ किलोओहम हाच तिचा योग्य भार. रेकॉर्ड कोरताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या मोठ्या लाटा शेजारच्या खाचेत घुसल्या असत्या. १९५४पासून रूढ झालेला आरआयएए या अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेचा वक्र फोनो प्रीॲम्प्लिफायर उलटा लावतो : २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल वाढ आणि २०,००० हर्ट्झला तेवढीच घट. म्हणून ही कार्ट्रिज 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटलाच जोडायची.

गुरगुर येत असेल तर प्लेअरची जमिनीची तार ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याच्या स्क्रूला जोडा. आपल्याकडे पुष्कळ घरांत खरी अर्थिंगच नसते. काही जण अर्थच्या जागी न्यूट्रल जोडतात. तसं कधीही करू नका, न्यूट्रल तुटली की पूर्ण सांगाड्यात करंट येतो.

७८च्या तबकड्या वेगळ्या

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या या जुन्या तबकड्यांची खाच रुंद असते, टोक सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचं लागतं. एलपीचं टोक तिथे तळाशी घसरत जातं, नुसती खरखर येते आणि टोक मोडतं. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला पुष्कळदा फिरवायचा खटका असतो. एका बाजूला '७८', दुसऱ्या बाजूला 'एलपी'. लावण्याआधी तो पाहायची सवय करा. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूला एकच वापरायची असते. त्याच्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर जातं. त्यावर एलपी ठेवली तर ती एकदाच वाजते.

या तबकड्या लाखेच्या. लाखेचा किडा पळस आणि कुसुमावर वाढतो, आपल्या गोंदियाकडच्या जंगलातही. त्याच लाखेचा चपडा सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो. आता ७८च्या तबकडीवर स्पिरिट चोळलं तर काय होईल, ते सुताराला विचारायची गरज नाही. ती फक्त ओल्या मऊ कापडानं पुसायची. एलपी धुवायची असेल तर बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत पांढरे होऊन बसतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी घ्या (ॲसिड नव्हे, बाटली वाचून घ्या), त्यात भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब, आणि मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवा. लेबल कोरडं ठेवा. सावलीत उभी करून वाळवा.

उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की रेकॉर्डवर स्थिर वीज साचते आणि धूळ तिच्याकडे ओढली जाते. लावण्याआधी ओलसर, घट्ट पिळलेल्या कापडानं एक फेरी पुसली तर टिकटिक बरीच कमी होते.

सगळं लावून झालं की झाकणाच्या आत पेन्सिलीनं नव्या सुईची तारीख लिहा, आणि शेजारी एलपीच्या प्रत्येक बाजूची एक रेघ मारत जा. तीन बाजू म्हणजे साधारण एक तास. आठवड्याला दोन एलपी ऐकणाऱ्या घरात हिऱ्याच्या टोकाचे ५०० तास सात वर्षांत भरतात. दीड हजार रेघा झाल्या की सुई पुन्हा हायस्कूलच्या सूक्ष्मदर्शकाखाली न्यायची.